तपासनीस नसलेलं शहर

नागसेन तायडे एसटीच्या तिकीट तपासणी पथकात होता, आणि ड्यूटी संपली तरी ती त्याच्या अंगावरून उतरत नसे. भाजीवालीनं वरची कोवळी भेंडी दाखवली की हा पिशवीच्या तळाशी हात घालायचा. शेजारी लग्नाची पत्रिका द्यायला येऊन जरा जास्त वेळ बसला की याच्या मनात यायचं, याले दुसरंच काही पाहिजे असन. अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाणारी गाडी वाटेत थांबवून तो आत चढला की तिकिटं मागण्याआधी चेहरे वाचायचा. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला एकाएकी खिडकीबाहेरची कपाशी फार आवडायला लागते, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. माणूस तिकीट काढतो ते भीतीपोटी. भीती काढून घेतली तर कोणी खिशात हात घालणार नाही, असं त्याचं पक्कं मत होतं.

त्याची बायको दीपमाला अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिचा स्वभाव उलटा. अनोळखी माणसाला ती आधी पाणी द्यायची, नाव मग विचारायची. दोघांचं जमायचं ते एका गोष्टीत, पायी भटकण्यात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात परतवाड्याहून जीपनं सेमाडोहच्या जंगलात गेले, पाठीवर पिशव्या बांधून आसपासच्या वाटा तुडवल्या, आणि तेव्हापासून चटकच लागली. सुट्टी मिळाली की दोघं निघायचे. हॉटेलात कधी राहिले नाहीत. धर्मशाळा, होस्टेल, कोणाच्या अंगणात तंबू, असं करत हंपी झालं, सिक्कीम झालं. नागसेनची आई तेल्हाऱ्याहून फोनवर म्हणायची, "घर हाय ना तुमाले? मंग भिकाऱ्यावानी काहून फिरता?"

त्यामुळे दीपमालानं यंदा सिंगापूरचं नाव काढलं तेव्हा नागसेनच्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली.

"तिथं ना डोंगर, ना जंगल," तो म्हणाला. "नुसत्या इमारती पाहाले जायचं का?"

"लोक कसे राह्यतात ते पाहू. एकदा तं देशाबाहेर जाऊ."

"नेपाळले जाऊ मंग."

"सिंगापूरच जाऊ," ती म्हणाली, आणि ते 'च' तिनं जरा जास्तच दाबून म्हटलं.

पाठपिशव्या भरताना त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. दोघांचा नियम होता की कपडे दोनच जोड, आणि तेही इस्त्री न लागणारे. दीपमालानं पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून एक पांढरा शर्ट ठेवला होता, कडक इस्त्रीचा. त्यानं तो पाहून परत होता तसा झाकला. बसमध्येही बिनातिकिटाचा दिसला की तो लगेच बोलत नसे. आधी गाडीच्या टोकापर्यंत जायचा आणि मग त्याच्याकडे परत फिरायचा.

सिंगापुरात ते उतरले ते लिटल इंडियाजवळच्या एका होस्टेलात. झोपायला भिंतीतल्या कप्प्यासारखी जागा, सामानाला कुलूपबंद खण, आणि जिन्यात चपलांच्या रांगा. सकाळी बाहेर पडल्यापासून दीपमालाचा चेहरा जत्रेतल्या पोरीसारखा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, झाडांखाली छप्पर घातलेली पायवाट, सिग्नलला रिकाम्या रस्त्यापाशीही थांबलेली माणसं. ती म्हणायची, "पाह्या ना!" आणि तो पाहायचाच, पण वेगळं. इतकं स्वच्छ म्हणजे कचरा कुठंतरी जातच असेल. तो कुठं जातो? दुकानांच्या पाठीमागच्या बोळात शिरून त्यानं पाहून घेतलं. तिथंही झाकणाचे डबे रांगेत उभे होते. त्याला ते आवडलं नाही.

बसमध्ये तर तो चक्रावूनच गेला. लोक चढताना यंत्राला कार्ड लावत, उतरताना पुन्हा लावत. कंडक्टर नाही, तपासनीस दिसत नाही. तो दाराजवळ उभा राहून एकेकाचा हात पाहत राहिला. म्हातारे, शाळकरी पोरं, कानात वायर घातलेल्या बाया, सगळे कार्ड लावून उतरत होते. एकही जण खिडकीबाहेर पाहत नव्हता.

"तपासणारं कोन हाय इथं?" त्यानं विचारलं.

"कशाले पाहिजे? लोक भरतात ना."

"भरतात म्हनजे कोनीतरी पाहून राह्यलं असन. त्याच्याशिवाय भरत नाईत." आणि त्यानं छतातल्या काळ्या काचेच्या गोळ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी जेवायला ते एका मोठ्या छपराखाली गेले. तिथं लोक टेबल धरायला कागदी रुमालाचं छोटं पाकीट ठेवून जेवण आणायला जात. एका पोरीनं तर मोबाईलच ठेवला आणि निघून गेली. नागसेननं हातातला घास परत ताटात ठेवला. ती परत येईपर्यंत तो त्या मोबाईलवर नजर ठेवून बसला, आणि आल्यावर तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू यानंच त्यावर डोळा ठेवला होता. शेजारच्या टेबलावरची ताटं एक पाठीत वाकलेली आजी उचलत होती. नागसेनला जरा हायसं वाटलं.

"हे पाह्य," तो म्हणाला. "एवढं श्रीमंत गाव, अन् म्हातारी उष्टे उचलून राह्यली."

दीपमालानं आजीकडे पाहिलं. "आपल्या तिथं नाई उचलत का?"

तो पाणी प्यायला.

हे सगळं चाललं असताना त्याचं दुसरं तपासणं आतून चालू होतं. दीपमालाचा फोन वाजला की ती लांब जाऊन बोलायची. एकदा तर इंग्रजीत बोलली, हळू आणि पाठ केल्यासारखं. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "भावनाचा." भावना तिची मावसबहीण, अमरावतीची, इथंच कुठंतरी नर्स होती. पण भावनाशी इंग्रजीत कशाला बोलायचं? वाटेत एकदा त्यांना घ्यायच्या बसचा नंबर सापडेना, तेव्हा दीपमालानं फलकाकडे न पाहता तीन-चार बसचे नंबर सांगितले आणि त्या कुठं जातात तेही. पहिल्यांदा आलेल्या बाईला हे कसं ठाऊक?

मग एका सकाळी ती म्हणाली, "आज मी जरा एकटी फिरून येतो. तुमी तो मोठा बगीचा पाहून घ्या. दुपारी भेटू."

वऱ्हाडातल्या बाया 'येतो-जातो' म्हणतात, तसंच ती म्हणाली. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, भटकंतीत ती एकटी कधी गेली नव्हती. नागसेन "बरं" म्हणाला. ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा अंगात तो पांढरा शर्ट होता.

तो तिच्या मागं निघाला.

बसथांब्यावर गर्दी होती. ती चढली, तो मागच्या माणसांच्या आडून चढला आणि सरळ वरच्या मजल्यावर गेला. प्रत्येक थांब्याला काचेला नाक लावून खाली उतरणारी डोकी पाहत राहिला. मनात नको ते येत होतं. पांढरा शर्ट घालून बाई कोणाला भेटायला जाते? इतक्या लांब, देश ओलांडून? मग ही सारी सहल त्या माणसासाठीच काढली होती की काय? हंपी, सिक्कीम, सेमाडोह, सगळ्या वाटांवरची दीपमाला तो आठवू लागला आणि तिथंही त्याला शंकेच्या जागा दिसू लागल्या. ती एका थांब्यावर उतरलेली दिसली तसा तो जिना उतरत धडपडत दाराशी आला आणि दार मिटता मिटता बाहेर पडला.

दीपमाला एका पिवळ्या रंगाच्या बुटक्या इमारतीच्या फाटकाशी थांबली. व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसली होती. आतून टाय लावलेला एक माणूस आला, त्यानं हसून हात पुढं केला, हिनं तो हातात घेतला आणि दोघं आत गेले.

समोर राहत्या घरांची उंच इमारत होती. तिच्या तळाला भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि मोकळी फरशी. नागसेन एका खांबाआड उभा राहिला. मग दुसऱ्या. फाटकाकडे पाहायचा, घामेजलेला तळवा पँटीला पुसायचा, पुन्हा पाहायचा. दगडी बाकावर बसलेले एक चिनी आजोबा पेपर खाली करून त्याच्याकडे बघत होते, हे त्याच्या लक्षात आलं, पण आजोबा उठून गेल्यावर.

थोड्या वेळानं दोन पोलीस चालत आले. एक तरुण पोरगा आणि एक सावळी, तमिळ वळणाची बाई. कुठं घाई नाही, आवाज नाही. बाईनं इंग्रजीत विचारलं, काही मदत हवी आहे का. नागसेनला इंग्रजी समजायचं सगळं, बोलताना मात्र शब्द अडखळायचे.

"नो, नो. वेटिंग."

कोणाची वाट पाहताय?

"वाइफ."

कुठं आहेत त्या? त्यानं फाटकाकडे हात केला. पासपोर्ट आहे का? तो होस्टेलच्या खणात होता. हरकत नाही, ती म्हणाली, नाव सांगा. मग तिनं अगदी साधं विचारलं, "तुम्ही आत का नाही गेलात? आत बसायला जागा आहे."

तिचा आवाज मऊ होता. नागसेननं तो आवाज ओळखला. बसमध्ये ज्याच्याकडे तिकीट नाही हे कळलेलं असतं, त्याच्याशी तो असाच बोलायचा. उत्तर द्यायचं म्हणजे सांगावं लागणार होतं की मी माझ्या बायकोच्या मागावर आहे. ते इंग्रजीतच काय, वऱ्हाडीतही त्याच्या तोंडून निघालं नसतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण पोलीसबाईकडे न पाहता पलीकडच्या जास्वंदीच्या कुंपणाकडे टक लावून बघतोय.

पोरगा त्याच्यापाशी थांबला, बाई रस्ता ओलांडून पिवळ्या इमारतीत गेली. परत आली तेव्हा दीपमाला तिच्यासोबत होती. दीपमालानं नवऱ्याला खांबापाशी उभं पाहिलं. एका नजरेत तिला सगळं कळलं. ती काय बोलते यावर आता सारं होतं, आणि तिनं वेळ घेतला.

"माझे मिस्टर आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "मीच त्यांना इथं थांबायला सांगितलं होतं."

पोलीसबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिचा विश्वास बसला नसावा. तरी तिनं मान हलवली, समोरच्या वृद्धाश्रमात बसलात तर लोकांना काळजी वाटणार नाही असं सांगितलं, आणि दोघं पोलीस जसे आले तसे निघून गेले.

"मुलाखत चालू हाय माही," दीपमाला म्हणाली. "आता मधातच सोडून आली. या आत, अन् खुर्चीवर बसा."

तो आत जाऊन बसला. समोर एक आजी पाण्याचा पेला धरून झोपी गेली होती. पेला कलंडेल म्हणून तो बराच वेळ त्याच्यावरच लक्ष ठेवून होता.

बाहेर आल्यावर दोघं त्याच खांबांच्या फरशीवर, त्याच बाकावर बसले. दीपमालानं सांगितलं ते थोडक्यात असं. भावना याच वृद्धाश्रमात नोकरीला होती. नर्सची जागा निघाली तेव्हा तिनं कळवलं. फोनवरच्या दोन मुलाखती अकोल्यात असतानाच झाल्या होत्या. तिसरी समोरासमोर द्यायची तर बरं, असं ते म्हणाले, म्हणून सिंगापूर.

"तू माह्याशी खोटं बोलली," नागसेन म्हणाला.

"खोटं नाई बोलली. बोललीच नाई."

"काहून?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी आधी नाई म्हनलं असतं, अन् मंग कारन शोधलं असतं." ती त्याच्याकडे वळली. "तुमी मले बिनातिकिटाच्या पॅसेंजरवानी पाह्यता. मी दवाखान्यातून उशिरा आली का पाह्यता. फोनवर हासली का पाह्यता. इथं आल्यापासून पाहूनच राह्यले. मी काही केलं नसतानी बी मले वाटते का आपल्यापाशी तिकीट नाई."

मग जे सकाळी बसमध्ये चढल्यापासून तोंडाशी आलं होतं, ते त्यानं विचारलं. "मले सोडून जाऊन राह्यली का तू?"

त्याला वाटलं होतं ती चिडेल, नाही तर रडेल. तिनं विचार केला.

"मले माईत नाई," ती म्हणाली. "आधी निवड तं होऊ द्या."

त्या दिवशी संध्याकाळी भावनानं दोघांना जेवायला बोलावलं. ती आणखी तिघींबरोबर एका फ्लॅटच्या खोलीत राहायची. दोन दुमजली खाटा, मधे चालण्यापुरती जागा, खिडकीत बाबासाहेबांचा लहानसा फोटो. घरमालकिणीला फोडणीचा वास चालत नाही, म्हणून तिनं भाताच्या कुकरमध्ये खिचडी केली होती आणि अमरावतीहून आईनं पाठवलेलं तिखट वरून घालायला ठेवलं होतं.

नागसेननं तिला विचारायला सुरुवात केली. अकोल्यात परदेशी नोकरीच्या नावानं पैसे घेऊन गायब झालेले एजंट त्यानं पाहिले होते. पासपोर्ट कोणाजवळ असतो? माझ्याजवळ. सुट्टी? आठवड्याला. करार कोणाशी, एजंटशी की संस्थेशी? संस्थेशी. कोणी त्रास देतं? नाही. सगळी उत्तरं बरोबर येत होती, अगदी त्या शहरासारखी, आणि म्हणूनच तो थांबेना.

"मावशीले काय सांगतं तू? या खोलीचं?"

भावनानं चमच्यानं ताटातली खिचडी पसरली. "आईले सांगतो का दोन खोल्या हायेत," ती म्हणाली. "फोन खालच्या बागीच्यातून करतो. तिले वाटते बागीचा आमचाच हाय." मग हसली. "भाऊजी, इथं सारं बरोबर असते. चूक शोधून सापडत नाई. घरी काहून गेली नाई तीन वर्षं, ते मात्र मले कोनी विचारू नये."

परतताना नागसेनच्या चालण्यात जरा जोर आला होता. शेवटी एक धागा त्याच्या हाती लागला होता. "पाह्यलं?" तो म्हणाला.

"मले माईत होतं," दीपमाला म्हणाली. "तिनं मले सारं आधीच सांगतलं. खोली, फोडनी, बागीचा, सारं. तुमी तेवढंच धरून बसले असते."

त्याचा जोर उतरला. आपण शोधून काढलेली गोष्ट तिनं कधीच तोलून, मापून बाजूला ठेवली होती, आणि ते सगळं तोलणं त्याच्या शेजारी, त्याच घरात, त्याला न कळता झालं होतं. बायको दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर त्याला राग करता आला असता. या गोष्टीचा राग कसा करायचा ते त्याला कळेना. उरलेले दिवस त्यांनी बगीचा पाहिला, समुद्र पाहिला, फोटो काढले. होस्टेल सोडून विमानतळाकडे जाताना आपल्या बसच्या कार्डावरचा हिशेब त्यानं स्टेशनातल्या यंत्रात बघितला, तेव्हा कळलं की बायकोच्या मागावर गेला त्या दिवशी घाईत तो कार्ड न लावताच उतरला होता आणि यंत्रानं त्याच्याकडून शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं गुपचूप कापून घेतलं होतं. दीपमालाला त्यानं हे सांगितलं नाही.

निवड झाल्याचं अकोल्यात आल्यावर कळलं. दीपमाला दवाखान्यातून आली, चप्पल काढायच्या आधी तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं.

"जा," तो म्हणाला.

ती खाली बसली. "एवढ्या लवकर?"

"जा म्हनतो ना."

"कोनाशी बोलले तुमी? आईशी बोलले का?" तिनं त्याचा चेहरा निरखला. "मनात काय हाय तुमच्या? मी गेल्यावर तुमी काही करनार का?"

नागसेनला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. ही नजर त्याची होती, तिच्या चेहऱ्यावर आली होती.

"तू इथं राह्यली तं मी तुह्याकडे पाहूनच राहीन," तो म्हणाला. "मले दुसरं येत नाई. तिथं गेली तं निदान मले दिसनार नाई."

"हे काही चांगलं कारन नाई."

"खरं हाय."

ती दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी होकार कळवला, एका वर्षाचा, पुढचं पुढं पाहू म्हणून. तेल्हाऱ्याहून त्याची आई आली आणि सुनेला काही न बोलता तिच्या पिशवीत तिखटाचा डबा भरून गेली, मुलाला मात्र म्हणाली, "बायको पाठवते अन् सोता घरी बसते, असा मानूस नाई पाह्यला मी." डेपोत लोक विचारू लागले. भांडण झालं का? काही वेगळंच आहे का? एका कंडक्टरनं तर खांद्यावर हात ठेवून, हळूच, मऊ आवाजात विचारलं. नागसेननं खांदा काढून घेतला.

नागपूरच्या विमानतळावर तिनं पाठपिशवी स्वतःच उचलली. काचेपलीकडे गेल्यावर ती मागं वळेल की नाही, हे पाहायला तो उभा होता. ती वळली. पण वळून तिनं हात केला तो त्याला की मागच्या कोणाला, हे गर्दीत त्याला नीट दिसलं नाही.

पंधरवड्यानं ती एका संध्याकाळी फोनवर बोलली. पायांना सूज आली होती. वृद्धाश्रमातल्या एका चिनी आजोबांनी तिला 'सिस्टर' म्हणून चॉकलेट दिलं होतं. नागसेननं जेवण विचारलं, झोप विचारली.

"मागं कोन बोलून राह्यलं?" त्यानं विचारलंच.

"खोलीतली पोरगी हाय. केरळची."

"मानसाचा आवाज वाटला."

"तिच्या मोबाईलवर पिक्चर चालू हाय."

असेल. नसेल. मधे सगळा समुद्र होता आणि तपासायला जायची सोय नव्हती. नागसेन थोडा वेळ त्या आवाजाकडे कान लावून बसला.

"आनखी काही विचारायचं हाय का?" दीपमाला म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

"हाव," तो म्हणाला. "पन उद्या विचारतो."